लाल परकराची चिंधी

आमच्या घरात कुणी काही विसरलं की एक प्रश्न ठरलेला आहे. कुलूप लावायचं राहिलं, चष्मा बसमध्ये राहिला, की कुणीतरी विचारणार, "चिंधी बांधली का?" आणि सगळे हसणार. घरात नव्याने आलेल्या सुना-जावयांनाही हा प्रश्न लवकरच पाठ होतो. त्यामागची गोष्ट अक्का सांगते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गोष्ट अशी, की तिचे यजमान, आमचे दाजी, एकदा द्राक्षाच्या फवारलेल्या ओळीला खुणेची चिंधी बांधायचं विसरले आणि त्यांनी आपल्याच हाताने आपल्या लेकीला त्या ओळीतला घड खायला दिला. पोरगी वाचली, म्हणून हसता येतं. दाजी स्वतःही हसतात. मीही हसत आले.

दाजी विसरले नव्हते. त्यांनी बांधलेली चिंधी मी सोडली होती.

मी फार बोलणारी बाई नाही. शाळेत दिवसभर पोरांपुढे बोलून बोलून घरी आल्यावर गप्प बसायची सवय लागली, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. गप्प बसायला मी त्या दिवशी लातूरला शिकले.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. दाजी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. कचेरीतली टेबलं-कपाटं उस्मानाबादहून ट्रकने आलेली, त्यांच्या पाठीवर जुन्या जिल्ह्याचं नाव तसंच. दाजी म्हणायचे, "जिल्हा वाटून झाला, आता खुर्च्या वाटणं चालू हाय." दुष्काळ वाटावा लागला नव्हता. तो दोन्हीकडे सारखाच होता.

मी नांदेडला डी.एड. करत होते. होळीला जोडून सुट्टी मिळाली तेव्हा अक्काकडे आले. नांदेड कितीही तापलं तरी नदीकाठचं गाव. लातूरला पहिल्याच सकाळी मी तोंड धुऊन तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं, तर अक्का चुलीपुढून धावत आली. "अगं बया, ओतलंस? भांडी इसळायची व्हती त्यात!" नंतर सगळी सुट्टी मी पाण्याकडे चोरासारखी बघत काढली.

औशाच्या रस्त्याला दाजींच्या वडिलांची थोडी जमीन होती. तिच्यात दाजींनी द्राक्षं लावली होती. आमच्या वस्तीतल्या माणसाने द्राक्षबाग लावावी ही त्या गावात मोठी बातमी होती. हॉटेलात चहा प्यायला बसले की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय साहेब, ज्वारी गोड लागंना झाली का? अंगूर लागायलेत?" दाजी म्हणायचे, "जिल्हा झालाय की. जिल्ह्यासारखं खावं आता." त्या वर्षी विहिरीने तळ दाखवला तेव्हा त्यांनी अर्धी बाग सोडून दिली आणि उरलेल्या अर्ध्या बागेला सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून पाणी नेऊन घातलं. घड बारीक आले, पण गोड. पाणी कमी पडलं की साखर धरते, असं ते कौतुकाने सांगायचे.

बाग बघायला जायचं आज-उद्या करत शेवटच्या दिवसावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नांदेडची गाडी. अक्का म्हणाली, "उद्या तू जाणार, न् बाग बघितलीच न्हाई म्हणली तर आई मला काय म्हणंल? अर्धी टोपली तरी भरून न्हे." मग रविवारी सकाळी आम्ही निघालो. अक्का, दाजी, त्यांची पाच वर्षांची पोरगी आणि मी. एस.टी.ने फाट्यापर्यंत, पुढे चालत. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली होती, आणि त्यात एकाएकी ती हिरवी बाग दिसली. मला खरोखर आनंद झाला. त्या दिवसाचा आनंद तेवढाच.

बागेच्या तोंडाशी दाजींनी आम्हाला थांबवलं. द्राक्षाच्या ओळी दोन्ही बाजूंना सरळ गेलेल्या, तारांवर चढवलेल्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला एक लोखंडी खांब. काही खांबांना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या.

"हे बघा," दाजी म्हणाले, "ज्या खांबाला लाल चिंधी दिसंल त्या वळीत पाय टाकायचा न्हाई. पिठ्या ढेकूण पडलाय काही वळीत. काल कचेरीतून येऊन फवारलंय. औषध जहाल हाय."

"तुम्हाला ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय, कुठं फवारलं ते?" अक्काने विचारलं.

"कचेरीत दिवसभर फायली बघून मला सगळ्या वळी सारख्याच दिसायल्यात. म्हणून डोक्यावर भरवसा ठेवायचा न्हाई, चिंधीवर ठेवायचा. फवारणी झाली की पहिली गाठ चिंधीची, मग पंप खाली."

"माझा चांगला परकर फाडला यांनी चिंध्यांपायी. नवा व्हता."

"नवा? त्यातनं मांजर जात व्हतं आरपार."

पोरगी खदखदून हसली. मीही हसले.

मी हे सगळं ऐकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की दाजी बोलत होते तेव्हा माझं लक्ष नव्हतं, मी साडीला चिकटलेली कुसळं काढत होते. कुसळं काढत होते हे खरं. पण कान उघडे होते.

पोरगी माझ्या मागे लागली, "मावशी, तुझी रिबीन दे ना." मी वेणीची रिबीन सोडून तिच्या केसांना बांधली. ती उड्या मारत आईकडे गेली. वारा सुटला होता, त्या वर्षीचा तो कोरडा, तोंडावर फुफाटा मारणारा वारा. माझी वेणी सुटली आणि केस द्राक्षाच्या तारेत अडकायला लागले. मी एका ओळीच्या टोकाशी उभी होते. खांबाला चिंधी होती. अक्काचाच परकर. तो मी लहानपणी तिच्या अंगावर पाहिला होता, नांदेडच्या घरी तारेवर वाळताना पाहिला होता. आपल्याच घरचं कापड. मी गाठ सोडली, वेणी घातली आणि शेवटाला ती चिंधी बांधली. इथून कोण जाणार आहे, निघताना परत बांधू. एवढाच विचार केला. आणि लाल रंग मला शोभत असेल असंही वाटलं. तेही लिहून टाकते.

मग अक्काने हाक मारली. कडुनिंबाखाली भाकरी सोडली होती. पिठलं होतं, कांदा होता. मी गेले आणि चिंधी विसरले. खऱ्या अर्थाने विसरणारी त्या दिवशी मीच होते.

जेवण झाल्यावर मी सावलीत आडवी झाले. दाजी टोपली घेऊन माझ्यासाठी घड तोडायला गेले, पोरगी त्यांच्या मागे. डोळे मिटलेले होते. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ते खांब बघत चालले होते.

"ही न्हाई. ही बी न्हाई. चल पुढं. हां, ही वळ चांगली. खा माय, खा."

"बाबा, धुवून?"

"प्यायलाच पाणी न्हाई गं माय. थांब, पुसून देतो."

ते परत आले तेव्हा टोपली भरलेली होती आणि पोरीच्या हातात अर्धा खाऊन झालेला घड होता. तिने दोन-चार मणी माझ्या तोंडात कोंबले. फार गोड होते. मी उठून बसले, वेणी पुढे आली, आणि तिच्या टोकाची चिंधी मला दिसली.

दाजी कुठून आले ते मी पुन्हा आठवून बघितलं. मान वळवून बघितलं. तो खांब बोडका होता, त्याच्या शेजारचाही बोडका, आणि दोन्हींमधला फरक आता फक्त मला माहीत होता. अंगातून एकदम सगळं ऊन निघून गेल्यासारखं झालं. मार्चच्या दुपारी मला थंडी वाजली.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. ते तोंडात आलं आणि द्राक्षाच्या सालीसारखं जिभेला चिकटून राहिलं. मी काय केलं, तर पोरीच्या हातातला घड हिसकावला आणि लांब फेकून दिला. "बस झालं. पोट दुखंल."

पोरीने भोकाड पसरलं. अक्का चिडली. "कामून रडवायलीस तिला? खाऊ दे की. तिच्या बापाची बाग हाय."

मी डोक्यावरून पदर घेतला आणि वेणी पाठीमागे आत ढकलली. अक्का म्हणाली, "आँ? आज लई सोज्वळ झाली ही."

"ऊन लागतंय," मी म्हणाले.

मग मी वाट बघत बसले. कसली ते मलाच कळत नव्हतं. मनात हिशेब चालला होता. काल संध्याकाळी फवारलं, रात्र गेली, वारा होता, उडून गेलं असेल. दाजींनी पुसून दिलं होतं. मीही खाल्ले की मणी, मला कुठं काय झालंय? मी माझी बोटं बघत होते, जीभ टाळ्याला लावून बघत होते. आणि पोरीकडे बघत होते. उठून चिंधी परत बांधावी असं शंभरदा वाटलं, पण दाजी नेमके त्याच बाजूला तोंड करून विडी ओढत बसले होते.

थोड्या वेळाने पोरगी आईच्या मांडीवर जाऊन पडली. खेळायला बोलावलं तर उठेना. तोंडातून लाळ गळायला लागली. अक्का पदराने पुसत होती, लाळ थांबत नव्हती. मग कपडे भिजतील इतका घाम आला. मग ती म्हणाली, "आई, मला झाडं नीट दिसंनात." आणि ओकली.

"ऊन लागलं लेकराला," अक्का म्हणाली. "बघा, ऊन लागलं!"

दाजींनी कांदा फोडून नाकाला धरला. मी ओकारीकडे बघत होते. त्यात हिरवी सालं होती.

फाट्यावर गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. गावाला पाणी टाकून रिकामा टँकर लातूरला परत निघाला होता, तो दाजींनी पळत जाऊन अडवला. ड्रायव्हर ओळखीचा होता. "जयभीम साहेब, काय झालं?" म्हणत त्याने दार उघडलं. अक्का पोरीला घेऊन आत बसली, मी तिला चिकटून. दाजी बाहेर पायरीवर उभे राहिले. एका हाताने दांडी धरली होती आणि दुसऱ्या हातात टोपली. ती त्यांनी का उचलली होती देव जाणे. मेहुणी उद्या नांदेडला जाणार, टोपली द्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं असेल.

ड्रायव्हर आम्हाला धीर द्यायला बडबडत होता. "ऊनच असं हाय बाई. माझ्या टँकरात पाणी असतं तर लेकराला बुडवून काढलं असतं. आता माझ्याच घरची बायको घागर घेऊन दुसऱ्याच्या टँकरमागं पळते, बोला." कुणी हसलं नाही. मग पोरीचे हात झटके द्यायला लागले. ड्रायव्हरने तिच्याकडे एकदा बघितलं, बोलणं थांबवलं आणि पाय दाबला.

त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला आठवतो. पदराखाली वेणीची ती गाठ पाठीला लागत होती. हातभर अंतरावर अक्का होती. तिच्या कानात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं सुद्धा. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "मरंल का गं ही?" आणि मी म्हणाले, "न्हाई अक्का, ऊन लागलंय." तिचा आणि ड्रायव्हरचा शब्द मी उसना घेतला. तो सोयीचा होता. उन्हाचा दोष कुणाला लागत नाही.

लातुरात रविवारी उघडा असलेला एक छोटा दवाखाना मिळाला, पुढे बाकं आणि आत दोन-तीन खाटा. डॉक्टर तरुण होता. त्याने भराभर विचारलं, काय खाल्लं, किती वेळ झाला.

"भाकरी, पिठलं. द्राक्षं," दाजी म्हणाले.

"फवारलेली?"

"न्हाई न्हाई. फवारलेल्या वळीला आम्ही चिंधी बांधतो साहेब. मी बघून तोडलेत."

त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की डॉक्टरने मान हलवली आणि सलाइन लावायला घेतलं. उन्हाचे पेशंट तेव्हा सुरू झालेच होते.

आणि मी काय केलं? मी मागच्या संडासात गेले. कडी लावली. वेणी सोडली. चिंधी हातात घेतली तर ओली होती, माझ्याच घामाने. तिला औषधाचा वास येत होता की मला तसं वाटत होतं, कोण जाणे. मी ती भांड्यात टाकली. कोपऱ्यातली बादली कोरडी होती. नळ फिरवला, त्यातून नुसता वारा आला. चिंधी तिथेच पडून राहिली, लाल, वरच्या वर, कुणीही यावं आणि बघावं अशी. कोपऱ्यातल्या खराट्याने मी ती खाली ढकलत राहिले. ती खाली जायची आणि हळूहळू परत वर यायची. बाहेर माझी भाची मरायला टेकली होती आणि मी दार लावून चिंधी दाबत होते. मला त्या दुपारचं आजही स्वप्न पडतं ते पोरीचं नाही, बागेचं नाही. त्या भांड्याचं पडतं.

शेवटी ती दिसेनाशी झाली. मी बाहेर आले. आत पोरीच्या घशात घरघर सुरू झाली होती. अक्का तिचे पाय चोळत होती. दाजी बाहेरच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी एक म्हातारी, मलेरियाचा ताप आलेल्या नातवाला घेऊन आलेली.

म्हातारी म्हणाली, "अंगूर हायत व्हय? लेकराच्या तोंडाला चव न्हाई. एखादा मणी देता का?"

"घ्या की मावशी. घड घ्या." दाजींनी टोपली पुढे केली. आपली लेक आत तशी पडलेली असताना माणूस दुसऱ्याच्या लेकराला नाही म्हणाला नाही. म्हातारीने घड उचलला, मणी तोडला, नातवाच्या ओठांपाशी नेला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. म्हातारीच्या हातावर फटका मारला आणि टोपली लाथेने उडवली. द्राक्षं सगळ्या फरशीवर गडगडत गेली. लोक उभे राहिले. डॉक्टर दारात आला.

"खाऊ नका ते! औषध हाय त्याच्यावर!"

"तुला काय माहीत?" दाजींनी विचारलं.

आता सांगायची पुन्हा एक वेळ आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "वास यायलाय."

एवढंच. अर्धं खरं. पोरीला वाचवायला पुरेल इतकं, आणि मला वाचवायलाही.

दाजींनी खाली वाकून एक मणी उचलला, नाकाला लावला. बराच वेळ तसाच धरून राहिले. मग जागच्या जागी फरशीवर बसले. "बांधली व्हती ना मी?" ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बांधली व्हती का?"

ते दुसरं वाक्य मी ऐकलं. पहिल्या वाक्यात जो माणूस होता तो दुसऱ्यात नव्हता.

डॉक्टर आत पळाला. पोरीच्या पापण्या उघडून त्याने बॅटरी मारली. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्याने सलाइनच्या नळीत एक इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने पुन्हा दिलं, परत परत देत राहिला. तिचे कपडे काढून अंग पुसायला लावलं. शेजारच्या घरांतून लोकांनी घागरी आणून दिल्या, त्या दुष्काळात. दिवेलागणीपर्यंत पोरीचं तोंड लाल झालं, लाळ थांबली, आणि ती कोरड्या जिभेने म्हणाली, "पाणी." दाजी भिंतीकडे तोंड करून रडले. अक्का त्यांच्याकडे बघून म्हणाली, "माझं लेकरू मारलं असतं तुम्ही आज." तिचा राग मला समजत होता. तो माझ्याकडे यायला हवा होता, वाट चुकून त्यांच्याकडे गेला, आणि मी बाजूला सरून त्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरलेल्या गाडीने नांदेडला निघून गेले. थांबायला हवं होतं, अक्कानेही म्हटलं. मी म्हणाले, "सुट्टी संपली."

बाग त्याच उन्हाळ्यात वाळली. दाजींनी डोक्यावरून पाणी न्यायचं बंद केलं. गावात म्हणाले, दुष्काळाने गेली. दाजीही तसंच म्हणाले. पण टँकर पुढच्या वस्तीपर्यंत येतच होता. बाग कशाने गेली ते मला माहीत आहे.

पोरगी तिच्या बारशा-वाढदिवसाच्या गोष्टींसारखी ही गोष्ट ऐकत मोठी झाली. तिला स्वतःला काही आठवत नाही. ती पुण्याला असते, तिला दोन मुलं आहेत, घरी द्राक्षं आणत नाही एवढंच. भीतीची गोष्ट हळूहळू गमतीची झाली आणि गमतीचं वाक्य झालं. दाजी मात्र कुलूप लावून परत यायचे, ओढून बघायचे, गल्लीच्या टोकावरून पुन्हा परत यायचे. कचेरीत वरची जागा मिळत होती तेव्हा अक्काच हसत म्हणाली, "इसरभोळा माणूस, झेपंल का तुम्हाला?" त्यांनी नको म्हणून कळवलं. मी तेव्हा हदगावकडच्या एका शाळेत होते. अक्काने फोनवर ही बातमी सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "चिंधी इसरणारा माणूस साहेब व्हणार का?" मी फोनवर हसले. हसून फोन ठेवला.

आता दाजी खरंच विसरतात. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आहे. जेवले की नाही विसरतात, कचेरी कुठे होती विसरतात. कधी कधी अक्कालाही "बाई, तुम्ही कुणाच्या?" म्हणतात. मागच्या खेपेला मी लातूरला गेले तेव्हा ते ओसरीत बसले होते. मला ओळखलं. जवळ बोलावलं आणि हळूच, अक्काला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "तू व्हतीस ना त्या दिवशी? मी चिंधी बांधली व्हती का गं? बाकीचं सगळं गेलं डोक्यातनं. तेवढं जाईना. मला तवापासनंच इसर पडायला लागला बघ."

मला पुन्हा तीच थंडी वाजली. पंखा चालू होता, तो मी बंद केला. आणि सांगितलं.

सगळं सांगितलं. वेणीचं, खांबाचं, संडासाचं. फक्त एक खोटं शेवटपर्यंत सोडवेना. म्हणाले, "मला चिंधीचं माहीत नव्हतं दाजी."  मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं लिहू? ते म्हणाले, "म्हणजे बांधली व्हती. मी बांधली व्हती." दोन्ही हातांनी हवेत गाठ मारून दाखवली.

अक्का दारात उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाला टोचून खाल्लं." आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मला वाटलं होतं सांगितलं की संपेल. चार दिवसांनी अक्काचा फोन आला. तिने मला कशी आहेस विचारलं नाही. म्हणाली, "परत इचारायलेत. मी सांगितलेलं पटत न्हाई त्यांना. तू सांग." आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. अक्का माझ्याशी दुसरं काही बोलत नाही. फोन करते, एकच शब्द म्हणते, "सांग." मग दाजींचा श्वास ऐकू येतो. पलीकडे कोणते दाजी असतील ते मला कधीच माहीत नसतं. एकदा ते हसले. एकदा म्हणाले, "कोण तू? माझ्या पोरीला मारायला निघालीस?" एकदा सगळं ऐकून विचारलं, "तुला मालूम व्हतं का, चिंधी कशाची ते?" हा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता.  उद्या ते विसरणारच होते. खोटं तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं.

"व्हतं दाजी. मी ऐकलं व्हतं."

"मंग लगेच कामून न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

 मग ते म्हणाले, "मी बी लई भ्यालो व्हतो त्या दिवशी." इतकंच. पलीकडे अक्का नाक ओढत होती.

तेही ते विसरले असतील. आज दुपारी पुन्हा फोन वाजला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे.  मी फोन खांद्याने कानाशी धरला.

"सांग," अक्का म्हणाली.

मी पहिल्यापासून सुरू केलं. "दाजी, तुम्ही चिंधी बांधली व्हती."